जादा हप्ता

समोरच्या आजोबांच्या नाकावर ती गोल, जड चौकट चढवून मी उजव्या डोळ्यापुढे नवं भिंग सरकवलं, "आता शेवटची ओळ वाचा" म्हटलं, आणि एप्रनच्या खिशात फोन थरथरला. आजोबा ओळ वाचायला लागले. त्यांच्याकडे बघितल्यासारखं करत मी फोन दोन बोटं वर काढला. बँकेचा निरोप होता, गृहकर्जाचा या महिन्याचा हप्ता जमा झाल्याचा. मी श्वास सोडला. हा सहावा. सलग सहा हप्ते माझ्या एकटीच्या खात्यातून पूर्ण गेलेले दिसले, की बँक कर्जावरून नवऱ्याचं नाव काढायला तयार होणार होती. त्याचं नाव निघालं तरच घर माझ्याकडे आणि लेकीकडे, गोटीकडे राहणार होतं. नाही तर विकायचं, असं दोन्ही वकिलांनी आमच्या वतीने, आमच्यादेखत ठरवून टाकलेलं. घर माझ्याकडे, गाडी आणि गुंतवणूक त्याच्याकडे, आणि मध्ये ही बँक. आजोबांची ओळ संपता संपता फोन पुन्हा थरथरला. 'आपल्या कर्जखात्यात जादा रक्कम जमा झाली आहे.' पुढे, ज्या खात्यातून ती आली त्याचे शेवटचे आकडे. ते आकडे माझे होते. सकाळी घराबाहेर पडताना, एका हाताने गोटीच्या वेणीला रबर लावत, दुसऱ्या हाताने मीच ते पैसे पाठवले होते. म्हणजे माझा हप्ता जादा ठरला होता. मग आधीचा कुणाचा?

"हे बरं दिसतंय की आधीचं?" मी विचारलं. तोंडाला सवयच आहे. मी डोळ्यांची डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या आधी लागते ती. नंबर काढणारी. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना हेच विचारते, हे बरं की आधीचं, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकले आहे, की बरेच लोक अक्षरांकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. कोणतं उत्तर दिलं तर या बाईचं समाधान होईल ते शोधत असतात. आजोबा त्यातले नव्हते. म्हणाले, "दोन्ही सारखंच वाईट." मी त्यांना पुन्हा पहिलं भिंग लावलं. म्हणाले, "हे तर त्याहून वाईट." पण हे तेच होतं. मी म्हटलं, थांबा हं जरा, आणि फोन पूर्ण बाहेर काढून वाचला. आजोबांनी त्या चौकटीतून माझ्याकडे बघितलं, एक डोळा झाकलेला, दुसरा भिंगामागे मोठा झालेला, आणि म्हणाले, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही, पैसे जमा झालेत." "मग चेहरा असा का?" आता यांना काय सांगणार. माझ्या नवऱ्याने घराचा हप्ता भरला, आजोबा. आणि माझं घर चाललं.

तो लिफ्टची तपासणी करतो. लग्न ठरलं तेव्हा आई त्याला लिफ्टवाला म्हणायची, मग जावईबापू म्हणायला लागली, आता वेगळं राहायला लागल्यापासून पुन्हा लिफ्टवाला. पण फोनवर त्याचा आवाज ऐकला की तिच्या तोंडून जावईबापूच निघतं, आणि मग ती खोकते. लिफ्टला एकच दोर नसतो, हे त्याने मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. चार असतात, सहा असतात, आणि त्यातला कुठलाही एक अख्खी लिफ्ट माणसांसकट धरून ठेवू शकतो. बाकीचे कशाला मग, मी विचारलं. असावेत म्हणून, तो म्हणाला. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. वाटलं, हा माणूस आपल्याला कधी पडू देणार नाही. पडू दिलं नाही हे खरंच. पण सहा दोरांतला एक होऊन राहणं म्हणजे काय, ते संसारात पडल्यावर कळलं. मी कुलूप लावलं की तो परत येऊन ओढून बघायचा. मी गॅस बंद केला की तो बंद केलेलं बटण अजून थोडं बंद करायचा. मी दूध आणलंय हे माहीत नसताना तो दूध आणायचा, आणि माहीत असतानाही. फ्रीजमध्ये चार पिशव्या. मग एखाद्या दिवशी, आज तो आणेलच म्हणून मी आणायची नाही, आणि आज तिने आणलंच असेल म्हणून तोही आणायचा नाही, आणि आम्ही दोघं काळा चहा पीत एकमेकांकडे बघत बसायचो. त्याला त्यात गंमत वाटायची. मला सुरुवातीला वाटायची.

दुपारी डबा न उघडता मी जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. "भरलास?" "हो, काल संध्याकाळी. का, पोचला नाही?" आवाजात ती काळजी, सच्ची. सच्ची आहे हाच तर सगळा ताप आहे. "कशाला भरलास?" "अगं, तुझा पगार उशिरा होणार होता ना या वेळी." "कोण म्हणालं?" "तूच. मागच्या शनिवारी, दारात. गोटीला बूट घालताना." मला आठवेना. मग आठवलं. गोटीला दिवे लागणारे बूट हवे होते आणि मी तिला म्हटलं होतं, पगार होऊ दे, मग बघू. तो तिला न्यायला आलेला, दाराबाहेर पायपुसण्यावर उभा. तो हल्ली आत येत नाही, त्याच्या वकिलाने सांगितलंय म्हणे. "ते मी गोटीला सांगत होते. बूट घ्यायचे नव्हते म्हणून." "मग तसं स्पष्ट सांगायचं." "कुणाला, तुला?" "गोटीला." मी फोन कानापासून दूर धरला. जिन्यावरून दवाखान्याचा हिशेबनीस चहा घेऊन चालला होता, तो माझ्याकडे बघून बाजूने भिंतीला घासून गेला.

मी त्याला समजावलं. सलग सहा हप्ते. माझ्या एकटीच्या खात्यातून. या महिन्याचा तुझ्या नावावर लागला, माझा जादा म्हणून पडून राहिला, म्हणजे पाचवर साखळी तुटली. आता पुन्हा एकपासून, आणि पुन्हा एकपासून करायला वकिलांनी दिलेली मुदत पुरत नाही. ऐकताना तो खूप नीट ऐकतो. मग म्हणाला, "पण समजा तुझा हप्ता चुकला असता, तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं." "चुकला नसता. आणि आता गेलंच ना मुसळ केरात?" "मी खबरदारी म्हणून भरला." "माहीत आहे." "लोकांचे नवरे हप्ते बुडवून पळून जातात," तो म्हणाला, आणि आता आवाज दुखावलेला, "आणि तू मला भरला म्हणून बोलतेस." हे वाक्य त्याने कुणालाही जाऊन सांगावं, चौकात उभं राहून सांगावं, लोक त्याच्या बाजूने होतील. मीसुद्धा झाले असते.

संध्याकाळी आईला सांगितलं तर ती झालीच. "भरतोय ना? मग भरू दे की बाई. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं." मी म्हटलं, आई, तो भरत राहिला तर घर जाईल. "भरल्यावर घर कसं जाईल? न भरल्यावर जातं." "या वेळी उलटं आहे." "तुझं नेहमी उलटंच असतं," आई म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "जेवतो का तो नीट?" मी फोन ठेवला. वकीलबाईंना लावला तर त्यांना आनंद झाला. आनंद म्हणजे, वाघाला वास यावा तसा. "डाव आहे मॅडम हा. उद्या तो कोर्टात म्हणेल, शेवटपर्यंत हप्ते मीच भरत होतो, मला घरात हिस्सा हवा." मी म्हटलं, तो असा डाव टाकणारा नाही. "सगळ्या असंच म्हणतात," वकीलबाई म्हणाल्या. आणि मी, जिला त्या माणसाच्या एकेका सवयीचा उबग येऊन आठ महिने झाले, त्याच्याबद्दल आपल्याच वकिलाशी भांडायला लागले. त्याला डाव येत नाही, त्याला साधे पत्ते खेळता येत नाहीत, तो समोरच्याला स्वतःचा पत्ता दाखवून विचारतो हा टाकू का. वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" मला खरंच वाटलं त्यांना सांगावं, मी एका बाजूला एकटी उभी राहायचाच प्रयत्न करतेय, पण तिथे कुणी ना कुणी मला टेकू द्यायला येतंच आहे.

गोटीला भरवताना मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती प्रत्येक घास गालात साठवते आणि मग एकदम गिळते. मला त्या तापाची आठवण आली. ती आठवण मी सहसा काढत नाही. गोटी तेव्हा वर्षाचीही नव्हती. दुपारी ताप चढला, मी मोजला, औषधाचं टोपण भरून पाजलं, तिला निजवलं आणि न्हाणीघरात कपडे भिजवायला गेले. तेवढ्यात तो कामावरून लवकर आला. त्याने स्वतःच्या थर्मामीटरने ताप मोजला, होय, त्याचा वेगळा होता, आणि औषध पाजलं. मी बाहेर आले तेव्हा तो टोपण धुवत होता. मी विचारलं काय करतोयस. तो म्हणाला, औषध दिलं, तू काळजी करू नकोस. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. आम्ही दोघंही मनातल्या मनात टोपणं मोजत होतो. रिक्षात तो सारखा म्हणत होता, मी विचारायला हवं होतं, आणि मी म्हणत होते, मी सांगायला हवं होतं. तेही दोघांनी दोनदोनदा म्हटलं. डॉक्टर हसले. काही होणार नाही म्हणाले, एवढ्याने काही होत नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "पण घरात औषध एकानेच द्यायचं. कोणी, ते तुमचं तुम्ही ठरवा." आम्ही माना डोलावल्या. घरी आलो. ठरवलं मात्र नाही. कारण ठरवणं म्हणजे एकाने हात मागे घेणं, आणि हात मागे घेतला की आपलं प्रेम कमी पडलं असं दोघांनाही वाटणार. पुढच्या खेपेला ताप आला तेव्हा मी त्याने दिलं असेल म्हणून दिलं नाही, आणि त्याने मी दिलं असेल म्हणून दिलं नाही. गोटी संध्याकाळपर्यंत तापात फणफणत पडून राहिली. घरात दोन जागी, शहाणी, शिकलेली माणसं, दोन थर्मामीटर. आमचं मोठं भांडण कधी झालंच नाही. लोकांना कारण सांगता येत नाही ते यामुळे. मारलं का? नाही. दुसरी बाई? छे. मग? मग काय. मला एक असं घर हवं होतं, जिथे औषध दिलं गेलं आहे की नाही हे एका माणसाला ठाऊक असेल.

कर्जविभागातल्या बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि न चिडता म्हणाल्या, दोघे या. तुमच्या मिस्टरांनी त्यांची रक्कम परत घेतो म्हणून सही केली तर तुमची जादा रक्कम या महिन्याच्या हप्त्याला लावून देता येईल, महिना संपायच्या आत या मात्र. मी गोटीला पाळणाघरात जास्त वेळ ठेवायचं ठरवलं, दवाखान्यातून अर्धी सुट्टी काढली, आणि पोचले तर तो आधीच आलेला. बाकावर बसलेला, मांडीवर फाईल, खिशाला दोन पेनं. वेगळा राहायला लागल्यापासून त्याचे केस वाढलेत. कुणी तरी सांगायला हवं त्याला. मी सांगितलं नाही. आमचा नंबर येईपर्यंत आम्ही समोरच्या भिंतीवरच्या घराच्या चित्राकडे बघत बसलो, त्यातलं कुटुंब इतकं हसत होतं की त्यांचं कर्ज बहुतेक फिटलेलं असावं. तो म्हणाला, "गोटीला बूट घेतलेस?" मी म्हटलं, "नाही." "मी घेतलेत," तो म्हणाला. मीही घेतले होते, आदल्या दिवशी. कपाटात होते.

बाईंनी संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला, चष्मा वर सारला. नंबर बदललाय त्यांचा, मला लगेच कळलं, त्या कागद लांब धरत होत्या. "तर रक्कम कोणाला परत द्यायची?" "त्यांना," मी म्हटलं. "तिला," तो म्हणाला. एकाच वेळी. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांच्यासमोर रोज नवराबायको येत असतील पैशांवरून भांडत, पण मला नको, तिला द्या, असं भांडण त्यांनाही नवं असावं. "तुला कळलंय ना मी काय सांगितलं ते?" मी त्याला विचारलं, शक्य तितक्या हळू. "कळलंय." "मग 'तिला' काय म्हणतोस?" तो पेनाचं टोपण काढत, लावत होता. "कळलंय मला. पण मी भरलेले पैसे उचलून घेऊन गेलो तर मी हप्ता टाकून गेलो असं दिसेल." "कुणाला दिसेल?" त्याने बाईंकडे बघितलं, मग फाईलकडे. "गोटीला. मोठी झाल्यावर." "गोटी मोठी होऊन बँकेचे कागद वाचत बसणार नाहीये." "तू वाचशील," तो म्हणाला. "तुला कागद वाचायची खोड आहे." बाई खोटं खोटं टंकत राहिल्या. मला एकदम वाटलं, हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतोय, आणि माझं तोंड त्याला काहीच सांगत नाहीये. मी म्हटलं, "मी सांगेन तिला. तू पैसे परत घेतलेस म्हणून घर राहिलं, असं सांगेन." "नक्की?" "नक्की." "एकदाच सांग मग," तो म्हणाला. "मी पण सांगत बसणार नाही." आणि त्याने सही केली. एका सहीच्या जागी एकच केली.

मला वाटलं, झालं. उठायला लागले तर बाई म्हणाल्या, "बसा, अजून आहे. यांचं नाव काढल्यावर तुमच्या एकटीच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही. जामीनदार लागेल." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वकीलबाईंनी नाही, फोनवर या बाईंनी नाही. "कोण आहे तुमचं? वडील?" वडील नाहीत. "भाऊ?" भाऊही नाही. "आई?" आईला पेन्शन आहे, पण ते बाईंना चालणार नव्हतं, त्यांच्या मानेवरून कळलं. सहा महिने मी पोटाला चिमटा काढून, गोटीचे बूट टाळून, डबा विकत न घेता, दर महिन्याला तो आकडा पुरा केला होता, आणि आता या खुर्चीत बसवून बाई मला माझी माणसं मोजायला सांगत होत्या. "माझं लिहा," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली. "म्हणजे?" "जामीनदार म्हणून. माझा पगार पुरेल. नियमात बसत असेल तर." नियमात बसत होतं. बाईंनी बघितलं, चक्क बसत होतं. कर्जावरून ज्याचं नाव काढायला आम्ही आठ महिने जिने चढत होतो, तोच माणूस दाराच्या एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने आत यायला तयार होता. आणि तोंडावर तसाच भाव, पहिल्या भेटीतला. असावा म्हणून. त्याला डाव येत नाहीत हे मी वकीलबाईंना सांगितलं होतं ते खरंच होतं. हे त्याने डाव म्हणून केलेलं नव्हतं. केलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं. हो म्हणण्याचा मला मोह झालाच नाही असं नाही. हो म्हटलं असतं तर आत्ताच्या आत्ता उठून गोटीला घ्यायला जाता आलं असतं, आणि दर महिन्याला हप्ता जायच्या आदल्या संध्याकाळी कुठे तरी एक माणूस स्वतःच्या फोनवर बघत बसला असता, भरला का हिने, भरू का मी. आणि मी बसले असते, भरला असेल का याने, म्हणत. वर्षानुवर्षं. मी म्हटलं, "नको."

"वेडी आहेस का," तो म्हणाला. "दुसरं कोण मिळणार आहे तुला?" "कुणी नाही." मी बाईंना विचारलं, जामीनदाराशिवाय काहीच होत नाही का. त्या बराच वेळ पडद्यावर काही तरी खालीवर करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हप्ता लहान करावा लागेल. मग बसतं. म्हणजे मुदत वाढवायची, तुमच्या निवृत्तीपर्यंत. पण व्याज बघा केवढं जातं," आणि पडदा माझ्याकडे वळवला. तो माझ्याआधी वाकून बघू लागला, मग त्याचं त्यालाच कळलं आणि मागे सरला. मी एकेक आकडा नीट वाचला. खरोखरच भयंकर होतं. एवढ्या पैशांत आणखी एक घर नाही, पण त्याच्या भिंती तरी उभ्या राहिल्या असत्या. कर्ज फिटेल तेव्हा गोटी माझ्या आजच्या वयाची असेल. कदाचित कुठे तरी, कुठल्या तरी बँकेत, अशाच खुर्चीत बसलेली असेल. नसेलही. "चालेल," मी म्हटलं. "चालेल?" बाईंनी विचारलं. "चालेल." तो म्हणाला, "फुकटचे पैसे जातात हे. मी नुसता जामीन राहिलो असतो, काही करणार नव्हतो." "तुला काही न करता येत नाही रे," मी म्हटलं. ते मी रागाने म्हणायचं ठरवलं होतं. तसं आलं नाही. तो हसला, म्हणजे हसल्यासारखं काही तरी, आणि फाईल बंद करून तिचे बंद बांधायला लागला.

"नवीन कर्ज धरलं जाईल हे," बाई म्हणाल्या, "तेव्हा हप्त्याची तारीख बदलून मिळेल. कोणती टाकू?" आठ वर्षं त्या तारखेला कुणी हात लावला नव्हता. ती त्याच्या सोयीने पडलेली होती. मला पगार मिळायचा आणि त्याच सकाळी हप्ता निघून जायचा, मी घराबाहेर पडेपर्यंत पैसे येऊन गेलेले असायचे. त्याने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. बाई बोटं कळफलकावर ठेवून थांबल्या.

"आठ तारीख टाका," मी म्हटलं. "पगार पाचला होतो. दोन-तीन दिवस राहू दे माझ्याकडे."